कराची बंदर जागेवरच आहे : वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना खुले पत्र

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

भारत-पाकिस्तान संघर्षातली ८ मे २०२५ची रात्र आपण विसरला असाल असं वाटत नाही. त्या एका रात्रीत ‘आयएनएस विक्रांत’ने कराची बंदर उद्ध्वस्त केलं, आपलं सैन्य इस्लामाबादेत शिरलं, पाकिस्तानचे लष्करप्रमुख आसिम मुनीर यांना अटक झाली, तिथे सत्तापालट झाला आणि पंतप्रधान शाहबाज शरीफ बंकरमध्ये जाऊन लपले. हे सगळं पडद्यावर झालं. उजाडलं तेव्हा कराची बंदर जागेवर होतं, इस्लामाबादेत एकही भारतीय सैनिक नव्हता आणि मुनीर आपल्या खुर्चीवर होते. २० मे रोजी तर त्यांना फील्ड मार्शल करण्यात आलं. अटकेतल्या माणसाला एवढी बढती जगात दुसरीकडे कुठे मिळाली नसेल.

हे पत्र कुणा एका वाहिनीला नाही, म्हणून नावं घेत नाही. कुणी आघाडीवर होतं, कुणी शेजारच्या पडद्यावर दिसलं म्हणून मागे धावलं. काहींनी संयम पाळला, आणि बहुधा त्याचीच शिक्षा म्हणून त्या रात्री त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. ज्याला हे पत्र आपल्यासाठी नाही असं वाटेल त्याने खुशाल बाजूला ठेवावं.

मी वर्तमानपत्राच्या रात्रपाळीत उपसंपादक होतो. आवृत्ती सोडायची वेळ होत आली की मोठी बातमी हमखास यायची आणि मुख्य उपसंपादकाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: “सांगतंय कोण?” पोलिसांनी सांगितलं असेल तर पोलिसांच्या नावावर, वृत्तसंस्थेने दिलं असेल तर वृत्तसंस्थेच्या नावावर, आणि कुणाच्याच नावावर नसेल तर बातमी उद्याच्या अंकात. यात फार मोठं शहाणपण होतं असं नव्हे. छापलेला कागद परत घेता येत नाही, ही भीती होती. आपल्याला ती भीती नाही. पट्टी बदलली की आधीची पुसली जाते, आणि ती होती हेसुद्धा कुणाला आठवणार नाही असं आपण धरून चालता. हल्ली प्रेक्षक पडद्याचे फोटो काढून ठेवतात, एवढं मात्र ध्यानात असू द्या.

लष्करी संघर्षाच्या पहिल्या काही तासांत खरं काय ते कळतच नाही, हे आपल्या संरक्षण प्रतिनिधींना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. विमान पडलं असेल तर वैमानिक जिवंत आहे का, कुणाच्या हद्दीत उतरला, त्याला आणायला पथक निघालंय का, हे पक्कं होईपर्यंत कोणतंही हवाई दल तोंड उघडत नाही, आणि उघडूही नये. बॉम्ब ठरलेल्या छपरावरच पडला का, हे आधीची आणि नंतरची उपग्रह छायाचित्रं शेजारी ठेवून ठरवावं लागतं. त्याला वेळ लागतो, ढग असले तर आणखी लागतो, आणि छपराखाली किती माणसं होती हे छायाचित्रात दिसत नाहीच. म्हणजे ज्याला माहीत आहे तो बोलू शकत नाही आणि जो स्टुडिओत बसून बोलतोय त्याला माहीत नाही. मधल्या रिकाम्या जागेत ‘सूत्रं’ येऊन बसतात.

२०१९ची गोष्ट घ्या. २६ फेब्रुवारीला आपल्या हवाई दलाने पाकिस्तानातल्या बालाकोटवर हल्ला केला. त्या सकाळी परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी जे निवेदन वाचलं त्यात मृतांचा आकडा नव्हता, ‘मोठ्या संख्येने’ एवढंच होतं. पाहता पाहता पडद्यावर तीनशे आले, साडेतीनशे आले. ४ मार्चला कोइमतूरमध्ये हवाई दलप्रमुख बी. एस. धनोआ यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले की लक्ष्य साधलं की नाही एवढं हवाई दल पाहतं, माणसं मोजत बसत नाही. मग तीनशेपर्यंत मोजलं कुणी? तेव्हा हा प्रश्न विचारणाऱ्याला आपल्या चर्चांमध्ये थेट सीमेपार धाडलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी, २७ फेब्रुवारीला, काश्मीरमधल्या बडगामजवळ हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. हवाई दलाचे सहा जण गेले, जमिनीवरचा एक स्थानिक गेला. त्या दिवशी सगळ्यांच्या नजरा पाकिस्तानच्या हाती सापडलेले वैमानिक अभिनंदन वर्धमान यांच्यावर होत्या, ते साहजिकच होतं. पण हेलिकॉप्टरची बातमी ‘तांत्रिक बिघाड’ या दोन शब्दांत आटोपली गेली. ऑक्टोबरमध्ये नवे हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी स्वतः सांगितलं की ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं आणि ती आपली मोठी चूक होती. हवाई दलाने चौकशी केली, दोष मान्य केला, अधिकाऱ्यांवर कारवाई सुरू केली. ज्या संस्थेच्या नावाने आपण रोज छाती ठोकता तिने चूक कबूल करायला सात महिने घेतले, पण कबूल केली. आपण ‘तांत्रिक बिघाड’ मागे घेतल्याचं मी तरी कुठे पाहिलं नाही.

माझी मुख्य तक्रार आता सांगतो. आपल्याला कुणी घाईबद्दल बोललं की आपण म्हणता, युद्धाच्या काळात देशाचं मनोधैर्य टिकवायचं असतं, थोडं इकडेतिकडे होणारच. म्हणजे खोट्या बातमीने नुकसान झालंच तर ते शत्रूचं, असा हिशेब. २०२५चा मे महिना तपासून पाहा. आपल्या त्या रात्रीच्या विजयाची किंमत पाकिस्तानात कुणी मोजली? कुणीच नाही. मोजली ती इथल्या माणसांनी.

पहिला पूंछचा एक शिक्षक. ७ मे रोजी पाकिस्तानी तोफांच्या माऱ्यात पूंछ भागात डझनाहून अधिक नागरिक मारले गेले, त्यात स्थानिक मदरशात शिकवणारा हा माणूसही होता. भारताचा नागरिक, पाकिस्तानी गोळ्याने भारताच्या भूमीवर मेलेला. काही वाहिन्यांनी त्याचा फोटो दाखवून सांगितलं की हा सीमेपलीकडच्या तळावर मारला गेलेला दहशतवादी कमांडर. त्याची दाढी आणि टोपी एवढाच पुरावा असावा, दुसरा काय असणार? पूंछ पोलिसांना खुलासा काढावा लागला. मयत झालेल्या माणसाच्या घरी लोक सांत्वनाला येत होते त्याच दिवसांत त्या घराला हे पाहावं लागलं. जूनच्या अखेरीस पूंछच्या न्यायालयाने या प्रकरणी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. नाव, गाव, मृत्यूची जागा: एक फोन केला असता तर तिन्ही कळलं असतं. जिल्हा पोलिसांचा नंबर आपल्या असाइनमेंट डेस्कवर नसेल असं मी मानत नाही.

दुसरी किंमत खऱ्या बातमीने मोजली. त्याच ८ मेच्या रात्री आपल्या देशावर खरोखर मोठा हल्ला झाला होता. दुसऱ्या दिवशी कर्नल सोफिया कुरेशी यांनी सांगितलं की लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवले गेले होते. एवढ्या लांब सीमेवर, एकाच रात्री, इतके ड्रोन. ते कसे ओळखले, किती पाडले, कशाने पाडले, गावांत लोक कुठे लपले, दिवे कसे मालवले, हे सांगायला एक रात्र पुरली नसती. हवाई संरक्षणाची माणसं जागी राहून जे काम करत होती ते आपण दाखवलंच नाही, कारण आपण कराचीत होतो. तेही खरोखर नाही. कराचीचं म्हणून फिरलेलं एक जळतं दृश्य अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचं निघालं. तिथे त्या जानेवारीत एक छोटं विमान कोसळलं होतं.

तिसरी किंमत सायरनची, ही छोटी वाटते पण नाही. ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाच्या रंगीत तालमी झाल्या, लोकांना सायरनचा अर्थ शिकवला गेला. आणि आपण तोच आवाज चर्चेच्या पाठीमागे संगीत म्हणून वाजवत राहिलात. १० मे रोजी गृह मंत्रालयाच्या नागरी संरक्षण महासंचालनालयाला लेखी सांगावं लागलं की हे थांबवा, नाहीतर खरा सायरन झाला तरी लोक तो टीव्हीचाच समजतील. सीमेजवळच्या एखाद्या घरात त्या रात्री आपली वाहिनी लागलेली असेल, तर बाहेरचा आवाज आणि आतला आवाज त्यांनी कसा ओळखायचा?

आणि चौथी. १० मे रोजी संध्याकाळी पाचपासून गोळीबार थांबला. आदल्या दोन रात्री इस्लामाबाद जिंकून बसलेल्या प्रेक्षकाला ती बातमी कशी लागली असेल? जिंकलेलं शहर परत का दिलं, असंच त्याला वाटणार. राग निघाला तो परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांच्यावर, ज्यांनी ती घोषणा वाचून दाखवली त्यांच्यावर. त्यांना शिव्या घातल्या, त्यांच्या मुलीलाही त्यात ओढलं, शेवटी त्यांना आपलं ‘एक्स’चं खातं बंदिस्त करावं लागलं. शिव्या देणाऱ्यांचा दोष आहेच. पण त्यांना चढवलं कुणी? उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि उत्तर द्यायला पुढे करायचा एक सनदी अधिकारी.

खुद्द सैन्याचं म्हणाल, तर ते आपल्यापेक्षा किती तरी मोकळेपणाने बोललं. ११ मे रोजी एअर मार्शल ए. के. भारती म्हणाले, नुकसान हा लढाईचा भाग असतो, आणि आपले सगळे वैमानिक घरी परतले आहेत. ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी विमानं गमावल्याचं मान्य केलं, आकडा दिला नाही, पाकिस्तानचा सहाचा दावा साफ चुकीचा ठरवला, आणि ती का पडली आणि त्यातून काय शिकलो हे महत्त्वाचं आहे असं सांगितलं. या वाक्याने कुणाचंही मनोधैर्य खचायचं कारण नव्हतं. ज्यांनी तीन आठवडे ‘एकही ओरखडा नाही’ असं ऐकलं होतं, त्यांना मात्र ते पराभवाच्या कबुलीसारखं ऐकू आलं. पुढे ९ ऑगस्टला हवाई दलप्रमुख ए. पी. सिंह यांनी पाकिस्तानची पाच लढाऊ विमानं आणि एक मोठं विमान पाडल्याचं सांगितलं. पाकिस्तानने ते नाकारलं. आता हा दावा मोठा आहे, अधिकृत आहे, जबाबदार माणसाने नाव लावून केलेला आहे. पण बाहेरच्या जगाने ‘भारतीय माध्यमं म्हणतात’ असं वाचून मे महिन्यातच नाक मुरडलं होतं. जिथे आपल्या शब्दाला वजन हवं होतं, तिथे ते आपण आधीच खर्चून बसला होतात.

हे एका बाजूचं दुखणं नाही, हेही सांगतो, नाहीतर ‘तिकडचं काय?’ हा प्रश्न आपल्या ओठावर येईलच. तिकडे तर संरक्षणमंत्रीच कामाला लागले होते. पाच भारतीय विमानं पाडल्याचा पुरावा काय, असं ‘सीएनएन’ने ख्वाजा आसिफ यांना विचारलं, तर ते म्हणाले, समाजमाध्यमांवर सगळीकडे आहे, तेही भारतीय समाजमाध्यमांवर! बहावलपूरजवळ पाडलेलं म्हणून फिरवलेलं विमान २०२१मध्ये पंजाबातल्या मोग्याला कोसळलेलं मिग-२१ होतं. उपपंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री इशाक दार यांनी पाकिस्तानच्या सिनेटमध्ये पाकिस्तानी हवाई दलाची स्तुती करणारं लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’चं पहिलं पान सांगितलं, आणि ते पान बनावट असल्याचं दाखवून दिलं कुणी, तर तिथल्याच ‘डॉन’ने. युद्धाच्या गदारोळात, स्वतःच्या उपपंतप्रधानाला. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. तिकडच्या एका वर्तमानपत्राला जे जमलं ते आपल्याला का जमू नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

पश्चिमेकडेही काही फार वेगळं नाही. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी युक्रेनच्या सीमेजवळ पोलंडच्या प्शेवोदूव गावात क्षेपणास्त्र पडून दोघे मेले. ‘असोसिएटेड प्रेस’ या वृत्तसंस्थेने एका अनामिक अमेरिकी गुप्तचर अधिकाऱ्याच्या हवाल्याने ते रशियन असल्याचं जगाला सांगितलं. पोलंड अमेरिकेसोबत नाटो या लष्करी आघाडीत आहे. एका ओळीवरून अणुशक्ती समोरासमोर येऊ शकल्या असत्या. ते बहुधा युक्रेनचंच हवाई संरक्षणाचं क्षेपणास्त्र होतं असं पुढे दिसलं. संस्थेने बातमी मागे घेतली, चूक काय झाली ते लिहिलं. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये गाझातल्या अल-अहली रुग्णालयातल्या स्फोटानंतर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या मथळ्यात एका बाजूच्या दाव्यावर नको तितकी भिस्त ठेवली आणि सहा दिवसांनी तसं संपादकीय टिपणात मान्य केलं. आणि व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखाताचं तर काय सांगावं. ४ ऑगस्ट १९६४चा जो दुसरा हल्ला झालाच नव्हता, त्याच्या आधाराने तीन दिवसांत अमेरिकी संसदेने अध्यक्षांना तिथे लष्कर वापरायची मोकळीक दिली, आणि वर्तमानपत्रांनी हल्ला झाला असंच छापलं.

सरकारकडेही बोट दाखवायला हवं. २६ एप्रिललाच माहिती व प्रसारण मंत्रालयाने आपल्याला सूचना पाठवली होती: लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका, कारगिल, कंदाहार आणि २६/११ आठवा. सूचना योग्यच होती. पण तिला भीती होती ती आपण खरं दाखवाल याची. आपण सगळंच रचून सांगाल ही शक्यता कुणाच्या मनात आली नसावी. ९ मे रोजी ‘द वायर’चं संकेतस्थळ देशात बंद झालं, आणि कारण निघालं ते विमानाच्या नुकसानीबद्दलची एक बातमी. इस्लामाबाद जिंकणाऱ्यांचं प्रक्षेपण क्षणभरही खंडित झालं नाही. नुकसानीच्या बातमीला टाळं आणि विजयाच्या बातमीला मोकळं रान, असं असल्यावर आपण कुठे धावणार हे उघड आहे. स्वयंनियमनाचं नाव मी घेत नाही. वाहिन्यांच्या स्वतःच्याच संस्थेचा एक लाख रुपयांचा कमाल दंड कुणाला रोखणार, असं ऑगस्ट २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच विचारलं होतं.

पानिपतानंतर नर्मदेपलीकडे नानासाहेबांच्या छावणीत सावकारी पत्रातून जी बातमी आली असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, ती आपल्या अँकरांनाही पाठ असेल: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, चांदी-तांब्याची गणती नाही. तिच्यातल्या दुःखाबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मला त्यातली शिस्त दिसते. लिहिणाऱ्याला जे पक्कं ठाऊक होतं त्याचा त्याने आकडा दिला. जे मोजता आलं नाही तिथे आकडा टाकला नाही, गणती नाही असंच लिहिलं. सावकाराला खोटं लिहून परवडणारं नव्हतं, कारण त्या पत्रावर त्याच्या हुंड्या वटणार किंवा बुडणार होत्या. आपल्या हुंड्या रेटिंगवर वटतात, आणि रेटिंगला कराची पडलं की नाही याच्याशी देणंघेणं नाही. दोष सगळा आपल्या वृत्तीचा आहे असं म्हणूनच मी म्हणत नाही, व्यवहारच तसा लागला आहे. पण तो व्यवहार बदलायच्या बैठकीत प्रेक्षकाला खुर्ची नसते, आपल्याला असते.

तेव्हा मागणं आपल्याकडेच आहे. पुढच्या वेळी, आणि पुढची वेळ येणार हे आपण दोघेही जाणतो, ‘सूत्रं’ एवढंच लिहिलेली लष्करी बातमी पट्टीवर जाण्याआधी त्या पाळीच्या प्रमुखाने आपलं नाव घालून तिला मंजुरी द्यावी. नाव पडद्यावर नको, आतल्या नोंदीत पुरे. माणूस सही करताना जरा थांबतो. दृश्य कुठलं आणि कधीचं हे कळलं नसेल तर ते दाखवू नये. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘प्रतीकात्मक’ लिहून ते धुतलं जात नाही. दोन्ही देशांचे दावे वेगळे असतील तर वेगळेच ठेवावेत, आणि मधल्या जागेत ‘अद्याप निश्चित नाही’ ही पट्टी निःसंकोच चालवावी. प्रेक्षक ती पाहून पळून जाईल असं आपल्याला वाटतं. काही जातीलही. जे राहतील त्यांना सायरन वाजला तर काय करायचं ते सांगता येईल.

शिवाय ८ मेचा हिशेब अजून बाकी आहे. कुणा एका अँकरने त्या दिवसांत घाईघाईत माफी मागितली, कुणी मजकूर गुपचूप काढून टाकला, बाकीच्यांनी तेही केलं नाही. त्या रात्री आपल्या वाहिनीवर काय काय सांगितलं गेलं आणि त्यातलं काय खोटं निघालं याची यादी आपल्या संग्रहातून काढा. ती रात्री नऊच्या चर्चेच्या वेळेत, ज्यांनी ते सांगितलं त्याच अँकरांकडून वाचून घ्या. पूंछच्या त्या शिक्षकाच्या घरच्यांची माफी त्यात पहिली असू द्या, त्यांच्या परवानगीने आणि त्यांना हवी त्या भाषेत.

तारीख आणि वेळ जाहीर करा. मी टीव्ही लावून बसेन.

आपला,
रात्रपाळीतला एक निवृत्त उपसंपादक